वाचणारा एक, जाणणारा दुसरा

कर्नाटकाच्या सीमाभागातील खानापूर तालुक्यात, जांबोटीसारख्या मराठीभाषक गावात जमिनीसंबंधीची कन्नड नोटीस घरी आली, की ती वाचण्याचे काम शाळेत कन्नड शिकलेल्या नातवाकडे आणि उमजण्याचे काम शेताच्या साऱ्या पूर्वपीठिकेची माहिती असलेल्या आज्जाकडे जाते. ज्याला अक्षरे येतात त्याला विषय ठाऊक नसतो, आणि ज्याला विषय ठाऊक त्याला अक्षरे परकी.

या विभागणीत अर्थ कोठे निसटतो, हे स्मृतीच्या मर्यादेवरून कळते. मनुष्याला एका वेळी सुमारे सातच घटक ध्यानात धरता येतात, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली प्रतिपादन केले. मात्र एकेका घटकात किती मावेल, हे पूर्वज्ञानावर अवलंबून असते. हरकत, फेरफार, वारसा ही पदे आज्जाच्या लेखी एकेक सिद्ध वस्तू आहेत, कारण त्यांच्यामागे भावाभावांतील वाटण्या, चावडीवरचे जाबजबाब आणि बांधावरचे तंटे उभे असतात. नातू मात्र त्यांचे कन्नड प्रतिशब्द अक्षर अक्षर जुळवीत जातो आणि चौथ्या पदाशी पोहोचेतो पहिले निसटलेले असते. त्यातच मराठीप्रमाणे कन्नडातही क्रियापद अखेरीस येत असल्यामुळे सर्व्हे नंबर, खातेदारांची नावे, कलमाचा हवाला आणि तारीख एवढा भार मनात वागवल्यानंतरच अर्ज मंजूर की नामंजूर याचा उलगडा होतो. ऐकणाऱ्या आज्जाचे कान मध्येच ‘तकरार’ हा दोन्ही भाषांच्या दफ्तरांत रुळलेला शब्द टिपतात. पण तकरार दाखल झाली आहे, फेटाळली आहे की अद्याप करावयाची आहे, हे वाक्याच्या शेपटात राहून जाते.

सीमाभागातील मुलांनी कन्नड शिकावी, उत्तम शिकावी, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. परंतु घरात कोणाला तरी कन्नड वाचता येते एवढ्यावरून नोटीस पोचली असे मानणे मला सर्वथा अन्याय्य वाटते. ज्या तालुक्यांत भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध करणे इष्ट होय, असे केंद्र सरकारने १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या वेळी आपल्या निवेदनात नमूद केले होते, आणि खानापूर तालुक्यात मराठीभाषकांचे प्रमाण याहून कितीतरी अधिक आहे. तेव्हा कन्नड नोटिशीसोबत मराठी प्रत जोडावी, निर्णय आणि हरकतीची अखेरची तारीख पहिल्याच ओळीत द्यावी, आणि तोवर तलाठ्याने चावडीवर नोटीस वाचून झाल्यावर खातेदाराकडूनच तिचा मतलब वदवून घ्यावा.