पाच मिनिटं आणि सोळा वर्षं

नोकरीला दोन-तीन वर्षं झाली, की आपल्यातल्या निम्म्या जणांना वाटायला लागतं... बस, आपला पीक येऊन गेला! अशांनी ल्युदमिला गुर्चेन्कोला भेटायलाच हवं.

जन्म १९३५, खारकोव. (आज ते युक्रेनमध्ये आहे, खारकीव म्हणतात.) वडील अकॉर्डियन वाजवायचे आणि लेक स्टार होणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलेलं. ती सहाची होण्याआधीच जर्मन फौजा शहरात शिरल्या. मग भूक, बॉम्ब, सगळंच.

१९५६. मॉस्कोच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असतानाच एल्दार रियाझानोव्हच्या ‘कार्निव्हल नाइट’मध्ये तिला लीड मिळाली. न्यू इयर पार्टीचं प्लॅनिंग चाललंय आणि साहेबांना हवंय ‘छोटंसं’, चाळीसेक मिनिटांचं भाषण! (ओळखीचं वाटतंय ना?) पोरं मिळून साहेबांचा पार पोपट करतात. सिनेमा वर्षातला सर्वांत मोठा हिट. तिचं ‘पाच मिनिटं’ हे गाणं घराघरात पोचलं. वय एकवीस, कंबर मुंगीएवढी, अख्खा देश फिदा.

आणि १९५७मध्ये एका बड्या वर्तमानपत्रानं तिला झोडपलं. आरोप काय, तर बाहेर कार्यक्रम करून वरकमाई करते! आपण ज्याला फ्रीलान्सिंग म्हणतो ना, तेच. पण तिथं सगळ्यांचा एम्प्लॉयर एकच, सरकार. त्यामुळे ‘दुसरीकडे सीव्ही टाकते’ हा ऑप्शनच नव्हता.

पुढे बरीच वर्षं किरकोळ रोल, थोडं नाटक. कुणी ‘काम नाही’ म्हणत नव्हतं, फक्त मोठं काम येत नव्हतं. माझ्या मते हे जास्त वाईट. तोंडावर नकार मिळाला तर माणूस निदान भांडतो तरी.

१९७३मध्ये ‘ओल्ड वॉल्स’ आला. नाचगाण्यातली ही पोरगी त्यात चक्क कापड गिरणीची डायरेक्टर! लोकांना आधी पटेना, मग पटलं. लगेच १९७६मध्ये ‘मामा’च्या शूटिंगला (रशियनमध्ये मामा म्हणजे आई, आपला मामा नव्हे!) बर्फावर स्केटिंग करताना पायाचं हाड मोडलं, तेही वाईट रीतीनं. ती पुन्हा उभी राहिली. नाचलीसुद्धा.

मग रियाझानोव्हचाच ‘स्टेशन फॉर टू’. हा १९८३मध्ये कानच्या स्पर्धेत होता. ती रेल्वे स्टेशनच्या रेस्टॉरंटमधली वेट्रेस. तोंडाळ, थकलेली, वय न लपवणारी. त्याच वर्षी ‘पीपल्स आर्टिस्ट ऑफ द यूएसएसआर’ हा किताब मिळाला. मार्च २०११मध्ये ती गेली, तोवर काम चालूच होतं.

वीकेंडला एकच बघायचा असेल, तर ‘कार्निव्हल नाइट’ राहू द्या. ‘स्टेशन फॉर टू’ बघा. शेवटी बर्फात अकॉर्डियन वाजतं, तेव्हा पॉपकॉर्न बाजूला ठेवा.