दगड वाचणारी बाई व आमच्या लेकी

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत विहीर अगर बोअर घेणें म्हणजे जुगार झाला आहे. कर्ज काढावें, पाणाड्याच्या हातावर दक्षिणा ठेवावी, आणि कोरडा पाषाण लागला कीं नशिबाला बोल लावावा! पण यांत नशिबाचा काय संबंध? घाटावर काळा पाषाण आहे. पाणी सांठतें तें मुरमांत व खडकाच्या भेगांत, अखंड पाषाणांत नाहीं. घाटाखालीं पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत पाणी लागतें, पण पुष्कळ ठिकाणीं तें तोंडांत धरवत नाहीं. हा भेद सांगणारें शास्त्र तें भूगर्भशास्त्र.

“तें बायकांचें काम नव्हे” असें म्हणणारांनीं एथेल वुड या इंग्रज बाईंचें चरित्र पाहावें. त्यांचा जन्म 1871 सालचा. केंब्रिजला शिकून त्यांनीं ग्रॅप्टोलाइट नांवाच्या, केव्हांच नाहींशा झालेल्या समुद्री जीवांचे खडकांतील ठसे तपासले. कोणत्या थरांत कोणता ठसा, यावरून त्या थराचें वय ठरतें. गर्ट्रूड एल्स या मैत्रिणीसह केलेला त्यांचा ग्रंथ 1901 ते 1918 पर्यंत भागाभागांनीं निघाला. तरी लंडनची 1807 सालीं स्थापलेली भूगर्भशास्त्र सोसायटी 1919 पर्यंत बायकांना सभासद करून घेत नव्हती! विद्येचें सोंवळें विलायतेंतहि होतेंच. 1920 सालीं त्याच सोसायटीनें बाईंना मर्चिसन पदक दिलें.

लग्नानंतर शेक्सपिअर झालेल्या या बाई केवळ ग्रंथांत गुंतून राहिल्या नाहींत. 1914 च्या महायुद्धांत बर्मिंगहॅम शहरीं जायबंदी शिपायांना व त्यांच्या घरच्यांना पेन्शन मिळावें म्हणून त्या झटल्या. गरीब मुलींच्याहि त्या पाठीशीं राहिल्या. विद्या गोरगरिबांच्या कामीं आली, तरच ती विद्या.

आतां आमच्याकडे पाहा. वडार, बेलदार, पाथरवटांच्या बाया दगडांत जन्म काढतात. पण त्यांच्या लेकीला दगडाच्या शास्त्राची वाट कोण दाखवितो? लोणारचा खड्डा उल्कापातानें झाला, हें बाहेरच्या शास्त्रज्ञांनीं येऊन आम्हांस सांगावें काय? ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून 1882 सालीं पुरुषांना जाब विचारणाऱ्या ताराबाई शिंदे याच बुलढाण्याच्या. त्या जिल्ह्याला हें शोभत नाहीं.

म्हणून सांगणें एवढेंच: मुलीला गणित व शास्त्र झेपणार नाहीं, असें घरांत बोलूं नका. पाणाड्याची दक्षिणा तिच्या पुस्तकांना लावा. तीच उद्यां गांवाला पाणी दाखवील.