घर कुणाच्या नावावर?

मी सिनेमे आणि मालिका आवडीने बघतो. पत्रकाराने फक्त बातम्याच बघाव्यात असं ज्यांचं मत आहे त्यांनी इथूनच परत फिरावं, पोस्ट लांब आहे.

सध्या जो तो म्हणतोय, मराठी पडद्यावरची बाई सशक्त झाली. बऱ्याच अंशी खरंय. २०२३ ला 'बाईपण भारी देवा' लागला तेव्हा आमच्याकडच्या बायका गट करून, नऊवारी नेसून थिएटरला गेल्या. चांगलंच झालं. पण अशी सशक्त बाई दिसली की मला एक चौकशी करावीशी वाटते. बाई, तुम्ही राहता ते घर कुणाच्या नावावर आहे?

'सैराट' घ्या. आर्ची म्हटलं की लोकांना बुलेट आठवते, ट्रॅक्टर आठवतो. अहो, ती बुलेट बापाच्या घरची, ट्रॅक्टर बापाचा, ऊसही बापाचाच. तिच्या दरडावण्यात पाटलाच्या पोरीचा तोरा आहेच की. मला हैदराबादची आर्ची मोठी वाटते. भाषा येत नाही, झोपडपट्टीत राहायचं, आणि तरी बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाऊन स्वतःचा पगार आणणारी. त्या आर्चीचं स्टेटस मात्र कुणी ठेवत नाही.

किंवा छाया कदम यांची पार्वती. पायल कपाडियांच्या 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाईट'ला २०२४ ला कानमध्ये ग्राँ प्री मिळालं, त्यातली. रत्नागिरीकडची विधवा, मुंबईत हॉस्पिटलात स्वयंपाक करते. बिल्डर घर खाली करायला लावतो आणि इतकी वर्षं आपण इथं राहिलो याचा एक कागद तिच्याकडे नाही. नवरा गेला, कागदांचं काही सांगून गेला नाही. आमच्या तालुक्यात हा सिनेमा लागला नाही, मोबाईलवर बघितला. पार्वतीसारख्या बाया मात्र मी तहसीलच्या व्हरांड्यात दर आठवड्याला बघतो.

आणि मालिका? तिथं प्रॉपर्टीचे कागद भरपूर, पण ते निघतात खलनायिकेच्या पर्समधून. हिस्सा मागणारी वाईट, "मला काही नको, फक्त माणसं हवीत" म्हणणारी नायिका. हे रोज रात्री, जेवायच्या वेळेला, घरोघरी चालतं.

कायदा काय म्हणतो? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ ला दिला, २००५ ला देशभर मिळाला. आणि होतं काय? भाऊ गाडी करतो, बहिणींना दुय्यम निबंधकाच्या ऑफिसला आणतो. फोटो, अंगठा, हक्कसोड पत्र. मग हॉटेलात जेवण, एक साडी, आणि गाडी परत. कुणी जबरदस्ती करत नाही बरं का! नाही म्हटलं तर माहेर तुटतं, एवढंच तिला माहीत असतं. आणि टीव्हीने शिकवलेलं असतंच, मागणारी कशी असते ते.

तेव्हा लेखकमंडळींना विनंती. रक्षाबंधनाला महाएपिसोड असतोच तुमचा. यंदा ओवाळून झाल्यावर नायिकेला सातबारा मागू द्या. ढॅण ढॅण म्युझिक न लावता. पुढचं सगळं, म्हणजे तलाठी काय म्हणतो, काका काय म्हणतात, आई कोणाच्या बाजूने बसते, हे सुचत नसेल तर आमच्याकडे या. चहा माझ्याकडून.