तारीख नको, उत्तर हवं

“फुकटचा दवाखाना म्हणता, मग माझे तीनशे चाळीस रुपये कशाचे?” भरल्या मांडवात एका बाळंतिणीच्या सासूनं विचारलं. बोट माझ्याकडे होतं. बाहेरून इंजेक्शन आणायची चिठ्ठी मीच दिली होती.

पुणे जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी आरोग्य सेविका होते. 2007 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ठाणे, पुणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, तिच्यातलीच ही जनसुनावणी. मला तर ती शिक्षाच वाटली होती. पण माझी पाळी आली तेव्हा मी मागणीपत्रांच्या नकला पुढे केल्या. औषध तीन महिने आलंच नव्हतं. लोकांच्या नजरा माझ्यावरून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे वळल्या. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून पैसे परत द्यायचं तिथंच ठरलं. पंधरवड्यात औषधही आलं.

एवढ्याशा रकमेसाठी वकील कोण लावणार? ग्राहक आयोगाचंही दार बंद, कारण सगळ्यांना मोफत उपचार देणारा दवाखाना ग्राहक कायद्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच सांगितलंय. कायमस्वरूपी लोकअदालतीत दवाखान्याची तक्रार चालते. कोर्ट फी लागत नाही, निवाडाही बंधनकारक असतो. पण तिथवर जायचं तर रोज बुडतो, एसटीचं भाडं पडतं. आणि कोर्टात मी आरोपीसारखी गप्प उभी राहिले असते, मागणीपत्रं कपाटातच राहिली असती.

हलगर्जीपणानं माणूस दगावला तर मांडवात तडजोड नको, ते काम कायद्याचंच. पण संपलेली औषधं, बाहेरच्या चिठ्ठ्या, बाळंतिणीवर केलेली आरडाओरड ही भांडणं गावातच मिटतात, अट एकच: ज्याच्या हातात सही आहे तो समोर बसला पाहिजे. पुढच्या सुनावणीला साहेबांनी कारकून पाठवला. तो प्रत्येक प्रश्नाला “वर कळवतो” म्हणाला. तासाभरात मांडव रिकामा झाला.

म्हणून शासनानं दर सहा महिन्यांनी प्रत्येक केंद्रात सुनावणी सक्तीची करावी, अधिकाऱ्यांची हजेरीही. सुरुवात मागच्या वेळची आश्वासनं वाचून व्हावी. आणि औषधसाठ्याचा कागद दाराशी लावावा. त्या दिवशी निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, “बाई, हा कागद आधी दाखवला असता तर तुमच्याशी भांडले नसते.”