‘काही’ म्हणजे सगळे नव्हे

मोहल्ल्यातल्या वाचनालयात दर रविवारी मी स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना बुद्धिमापन शिकवतो. परवा फळ्यावर लिहिले: सर्व पेन पेन्सिली आहेत. काही पेन्सिली खडू आहेत. निष्कर्ष: काही पेन खडू आहेत. बावीसपैकी सतरा जणांनी ‘बरोबर’ म्हणून हात वर केले.

निष्कर्ष निघत नाही. पेन्सिलींच्या मोठ्या वर्तुळात पेनांचे छोटे वर्तुळ एका बाजूला काढा आणि खडूंचे वर्तुळ दुसऱ्या बाजूने आत येऊ द्या. दोन्ही विधाने खरी राहतात, पेन आणि खडू मात्र कुठेच भेटत नाहीत. असे एक चित्र जमले की निष्कर्ष पडला. आपली मुले निष्कर्ष जुळेल तेच चित्र काढतात आणि थांबतात. मोडणारे चित्र शोधायचे असते, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. क्लासमध्ये नियमांचा तक्ता पाठ करून घेतात. बँकेच्या पूर्वपरीक्षेत या विभागाच्या 35 प्रश्नांना 20 मिनिटे मिळतात, चुकले की पाव गुण जातो, त्यामुळे घाई समजू शकते. पण ‘फक्त काही’ किंवा ‘शक्यता आहे’ असे शब्द आले की तक्ता उपयोगी पडत नाही.

मागच्या बाकावरच्या एका तरुणाने हात वर केला नव्हता. मदरशातून आलिम होऊन तो आता पदवी करतो आहे. म्हणाला, “सर, हे तर मन्तिक आहे. पहिले विधान सुग्रा, दुसरे कुब्रा. या शक्लमध्ये कुब्रा कुल्ली लागते. इथे ‘काही’ आहे, म्हणजे नतीजा नाही.” अ‍ॅरिस्टॉटलची ही विद्या इब्न सिनाने अकराव्या शतकात ‘अश्-शिफा’मध्ये विस्ताराने मांडली. दर्स-ए-निजामीत मन्तिक हा जुना विषय. आणि या मुलाला ‘स्पर्धा परीक्षा तुझे काम नाही’ असे मदरशातल्यांनीही सांगितले होते, कॉलेजातल्यांनीही. त्याला वर्गात घेताना मीही कचरलो होतो, हे कबूल करतो.

माझे म्हणणे असे की हा विषय आठवीपासूनच शाळेत शिकवावा, उर्दू माध्यमात तर आधी. आणि तो पेन-पेन्सिलीपुरता ठेवू नये. गेल्या वर्षी भाड्याने घर शोधताना एका मालकाने “तुमच्यातले काही लोक...” एवढे म्हणून दार लावून घेतले. राग यायचा तो आलाच. पंधरा दिवसांनी वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीचे वडील भेटले. ती दोन रविवार आली नव्हती. म्हणाले, “मास्तर, जास्त शिकलेल्या पोरी संसारात टिकत नाहीत. माझ्या भावाचीच पोरगी बघा ना.” एका पुतणीवरून सगळ्या मुली! घरमालकाचे ‘काही’ निदान अनेकवचनी तरी होते.

त्यांच्यापुढे मी वर्तुळे काढली नाहीत. चहा मागवला आणि आपल्या मोहल्ल्यातल्या शिकून नोकरी करणाऱ्या, संसारही नीट चाललेल्या मुली कोण कोण, एवढेच विचारले. माझे काम एका नावानेही झाले असते. त्यांनी बोटांवर मोजत पाच सांगितली, त्यातली एक त्यांच्या साडूची सून निघाली.

मुलगी पुढच्या रविवारी आली. रोजच्या क्लासला पाठवायचे की नाही, यावर घरात अजून बोलणे चालू आहे.