बसताना दुखणारे माकडहाड

खुरपणी-कापणीच्या दिवसांत कंबर कोणाची दुखत नाही? शेक घेतला, दोन दिवस पाठ टेकली, की बहुधा उतरते. पण एखादे दुखणे उतरत नाही. बसले की माकडहाडाशी ठणकते, रात्री झोप मोडते. पुढे शौचाला खडा होतो, लघवी अडते, बैठकीची जागा बधिर होते. कोणी मूळव्याध म्हणतो, कोणी चमक. त्यात वर्षे जातात.

अशा दुखण्यामागे क्वचित ‘कॉर्डोमा’ नावाची गाठ निघते. दहा लाखांत वर्षाला सुमारे एकाला होणारा हा हाडाचा कर्करोग. गर्भात कणा तयार होण्याआधी एक मऊ दोरी असते. तिचे अवशेष मागे राहतात, त्यांतून ही गाठ उगवते. ती सावकाश आणि पुष्कळदा पोटाच्या बाजूला वाढते, म्हणून बाहेरून दिसत नाही. डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने तपासले तर अनेकदा हाताला लागते. या तपासणीची लाज धरू नये. गाठ किती पसरली ते एमआरआय दाखवतो.

मुख्य उपाय शस्त्रक्रिया. शेतकऱ्याला हरळी ठाऊक आहे; तुकडा राहिला की पुन्हा फुटते. ही गाठही तशीच. ती न फोडता, भोवतालच्या निरोगी भागासह अखंड काढावी लागते. म्हणून जवळच्या दवाखान्यात घाईने चिरा देऊ नये. तपासणीसाठी सुईने तुकडा घ्यायचा तोही शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांच्याच सल्ल्याने, कारण सुईची वाटही पुढे कापून काढावी लागते.

याची किंमत असते. लघवी-शौचाचा ताबा ठेवणाऱ्या शिरा त्याच हाडातून जातात. गाठ खाली असेल तर त्या वाचवता येतात. वर चढली असेल तर काही कापाव्या लागतात, मग लघवीसाठी नळी घालायला शिकावे लागते. म्हणूनच लवकर ओळखण्याला मोल आहे.

नेहमीच्या केमोथेरपीचा या गाठीवर फारसा उपयोग होत नाही. किरणांचा होतो, पण मात्रा मोठी लागते. त्यासाठीचे प्रोटॉन यंत्र टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील रुग्णालयात 2023 साली सुरू झाले. गाठ उशिराही उलटते, म्हणून पुढे अनेक वर्षे तपासणी चुकवू नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा: बसताना दुखते का? लघवीला त्रास होतो का? ते आपणहून सांगणार नाहीत.