यंत्राचे गणित आणि माणसाची सही

सालवड, कोळवडे, कुंभवली या गावांना लागूनच तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. रसायने, औषधे, पोलाद यांच्या तेथील कारखान्यांत बाष्पके, दाबाखालच्या टाक्या आणि नळ अहोरात्र काम करीत असतात. अशा यंत्रसामग्रीचे आराखडे करताना कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेण्याची प्रथा, २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरल्यापासून, जगभरच्या अभियंत्यांत रुजू लागली आहे. तिचे स्वागत करावे की धास्ती घ्यावी, या वादात आता हशील नाही. आराखड्याखाली सही कोणाची आणि त्या सहीचा अर्थ काय, हा खरा प्रश्न आहे.

या साधनाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. साहित्याच्या याद्या, तपशीलपत्रके, मानकांतील क्लिष्ट कलमांचा सुबोध अर्थ ही कंटाळवाणी कामे ते काही क्षणांत करते. तज्ज्ञ पदरी ठेवणे न परवडणाऱ्या लहान कारखानदाराला तर हा मोठाच आधार होय. परंतु शब्दांपुढे कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, यावर हे साधन आपले उत्तर रचते. त्यामुळे चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ऐटीत येते. पातळ पत्र्याच्या नळकांडी टाकीची जाडी काढताना व्यासाच्या जागी त्रिज्या घातली गेली, तर जाडी निम्मी भरते आणि पत्र्यावरील ताण दुप्पट होतो. कागदावर मात्र सारे नीटनेटकेच दिसते.

न तपासलेल्या आराखड्याची किंमत जगाने संगणकापूर्वीही मोजली आहे. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील रासायनिक कारखान्यात एका रिअ‍ॅक्टरला तडा गेला, म्हणून तो काढून दोन्ही बाजूंचे रिअ‍ॅक्टर तात्पुरत्या नळाने जोडण्यात आले. त्या नळाचे रेखाटन कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने केले होते. त्यावर येणाऱ्या बलांचे गणित कोणी मांडलेच नाही. मुख्य यंत्र-अभियंत्याची जागा तेव्हा रिकामी होती. १ जून १९७४ रोजी झालेल्या स्फोटात २८ जण प्राणास मुकले. खडूचे रेखाटन निदान कच्चे आहे हे दिसत तरी होते. आजचे साधन तशाच कच्च्या विचाराला पक्क्या अहवालाचा पोशाख चढवते, हा धोका अधिक सूक्ष्म आहे.

आपल्या देशात हा धडा जुना आहे. १८६३ साली कलकत्त्यात बाष्पकाचा भीषण स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. त्यानंतर १९२३ चा देशव्यापी कायदा आला आणि २०२५ मध्ये नव्या अधिनियमाने त्याची जागा घेतली. करणारा एक आणि तपासणारा दुसरा, हे या परंपरेचे मर्म आहे. यंत्राने केलेले गणित यंत्राकडूनच तपासून घेणे म्हणजे त्या मर्मालाच तिलांजली देणे होय.

याहून दूरगामी प्रश्न शिक्षणाचा आहे. नवा पदविकाधर आजवर आराखडे गिरवीत, हाताने आकडेमोड करीत आणि वरिष्ठांची बोलणी खात शिकला. उत्तर पाहताच ‘हे जास्त वाटते’ असे म्हणण्याची नजर त्याला त्यातूनच लाभली. ही उमेदवारीची कामे यंत्राकडे गेली, तर वीस वर्षांनंतर यंत्राची चूक ओळखणारा अनुभवी अभियंता कोठून आणायचा? तंत्रनिकेतनांनी म्हणूनच परीक्षेची रीत बदलावी. यंत्राने दिलेले सदोष उत्तर विद्यार्थ्यापुढे ठेवावे आणि त्यातील दोष शोधण्यास सांगावे. कारखान्यांनीही प्रत्येक आराखड्यासोबत गृहीतके, हातचा पडताळा आणि तपासणाऱ्याचे नाव नोंदविण्याची शिस्त लावून घ्यावी.

यात थोडा वेळ जाईल, थोडा खर्चही होईल. परंतु टाकी फुटली तर तिच्या शेजारी आराखडा करणारे यंत्र उभे नसते. पाळीवर आलेला कामगार तेथे उभा असतो, आणि त्याचे घर त्याच गावांत असते. त्याला उत्तर देण्याची जबाबदारी सही करणाऱ्या माणसाला कोणत्याही यंत्रावर ढकलता येणार नाही.